गुणी मुलांचा बाप

गावोगावच्या दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत फिरणाऱ्या या गृहस्थाला सगळे 'काटा' म्हणत. बायकोही मनातल्या मनात तेच म्हणे. शाळेला सुट्टी लागली की काटा हत्यारांचं खोकं, पाच वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि बायको असं सगळं लटांबर घेऊन निघे. "मुलांनी जग बघितलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. मुलांनी जग कसलं बघितलं, लोकांचे सोफे बघितले, तेही लांबून. लॉजवर उतरणं काट्याला कमीपणाचं वाटे. ज्याला कुणी नाही तो लॉजवर उतरतो. याला चुलतभाऊ होते, मेव्हण्याचे साडू होते, गिऱ्हाइकं होती, आणि काही नाही तर गिऱ्हाइकांचे शेजारी होतेच.

खरं कारण वेगळं होतं आणि ते बायको पुरतं ओळखून होती. काट्याला कौतुकाची चटक लागली होती. स्वतःचं कौतुक व्हावं असं त्याच्यात फारसं काही नव्हतं. काटे दुरुस्त करणाऱ्याला शाबासकी कोण देणार? काटा नीट झाला की उलट दुकानदाराचंच तोंड उतरतं. म्हणून त्याने मुलं घडवली होती. लोकांच्या घरी पळायचं नाही. मागायचं नाही. दिलं तर आधी नको म्हणायचं, पुन्हा दिलं तर अर्धं घ्यायचं. उठल्याबरोबर आपल्या पांघरुणाची घडी आपण करायची. आणि रडायचं नाही. रडू आलंच तर बाबांकडे बघायचं. बाबा भुवया वर करत आणि रडू आल्या वाटेने परत जाई. मग घरची बाई आपल्या नवऱ्याला ऐकवी, "बघा, मुलं असावीत तर अशी!" काटा लाजल्यासारखं करून खाली बघे. त्यानंतर त्याला जेवायला नसतं मिळालं तरी चाललं असतं.

बायको पाळणाघरात कामाला होती. भुकेचं रडणं कुठलं, झोपेचं कुठलं आणि नुसत्या हट्टाचं कुठलं, हे ती पाठमोरी उभी राहून सांगे. दिवसभर कान किटलेल्या बाईला घरी आयती शांतता मिळाली तर ती कशाला तक्रार करेल? तिनेही केली नाही. पण मागच्या मुक्कामात धाकटीने पाणी मागण्याआधी बापाच्या भुवयांकडे बघितलं, ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"एकदा तरी लॉजवर उतरू या ना," ती म्हणाली. "पोरांना जरा गादीवर उड्या मारू देत."

"उड्या?" काटा म्हणाला. तिने जणू घरफोडी सुचवली होती.

या खेपेला मुक्काम वजनकाट्यांच्या एका बड्या विक्रेत्याकडे होता. त्याची बायको, म्हणजे काट्याच्या 'वहिनी', दारातच म्हणाल्या, "अगदी आपलंच घर समजा हं!" बोलताना त्यांची नजर मुलांच्या पायांवर होती. पुढे पांढरा सोफा होता आणि काचेचं टेबल. त्या सोफ्यावर त्यांचे चिरंजीव बुटांसकट लोळत होते. त्यांना कुणी काही बोलत नव्हतं, कारण ते फार 'ॲक्टिव्ह' होते. पाहुण्या मुलांची झोपायची सोय चिरंजीवांच्या खोलीत, दोनमजली पलंगावर केली. थोरला वर, धाकटी खाली.

सकाळी सगळे नाश्त्याला बसले. चिरंजीवांनी दुधाचा पेला लोटून दिला आणि टोस्ट भिरकावला. काट्याची मुलं मान खाली घालून खात होती.

"भावोजी, यांना काय गोळी-बिळी देता का हो?" वहिनींनी विचारलं.

"छे हो वहिनी. संस्कार!" काटा म्हणाला आणि तेवढ्यात त्याला दिसलं, थोरल्याने चमचा डाव्या हातात धरलाय. भरल्या टेबलावर ही शोभा! त्याच्या भुवया वर गेल्या. "उजवा हात."

मुलाने टेबलाखालून उजवा हात वर आणला. मनगट सुजून टम्म झालं होतं आणि बघवणार नाही असं वाकडं झालं होतं. त्याने चमचा धरून बघितला. चमचा पडला.

"सॉरी," मुलगा म्हणाला.

"अरे, काय झालं हे?" आई ताडकन उठली.

"दादा वरून पडला," धाकटीने सांगितलं. "पांघरुणाची घडी करताना. पण आवाज नाही केला." हे शेवटचं तिने अगदी ऐटीत सांगितलं.

"काही नाही वहिनी, मुरगळलं असेल जरासं," काटा घाईघाईने म्हणाला. "तुम्ही खा ना, टोस्ट गार होतोय."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला त्याचा राग पुष्कळदा आला होता. किळस पहिल्यांदा आली.

तिने मुलाला उचललं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. मागोमाग धाकटीचा हात धरून काटा आला. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टरांनी हात धरला तेव्हा मुलाने ओठ दाताखाली दाबला.

"आई," तो कुजबुजला, "हे कुणाचं घर आहे?"

"कुणाचंच नाही रे राजा. दवाखाना आहे."

"मग इथे रडलं तर चालतं?"

"चालतं. रड तू."

मुलाने आधी बापाकडे बघितलं. ती सरकून दोघांच्या मधोमध उभी राहिली. मग तो रडला. पाळणाघरात इतकी वर्षं काढूनही असलं रडणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

माणूस यातून काही शिकला असेल, असं कुणाला वाटेल. घरी परतल्यावर आठवड्याभरात काटा फोनवर पुढचा मुक्काम ठरवत होता. "अहो, दोन हाडं मोडली, पण पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही! नाश्त्यापर्यंत त्या वहिनींना पत्तासुद्धा नाही!" पलीकडून वाहवा झाली असावी, कारण काटा लाजून खाली बघत होता. शेजारी प्लास्टरातला हात घेऊन मुलगा उभा होता, पाहुण्यांसमोर राहतो तसा शहाण्या चेहऱ्याने.

बायकोने नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"आम्ही तिघं येणार नाही हो," ती म्हणाली. "माझी मुलं फार रडतात. हे एकटेच येतील. यांना दिवसातून दोनदा शाबास म्हणा, बाकी काही लागत नाही."