तक्ता माळ्यावर गेला तेव्हा

पक्षाघातानंतरचे ते महिने मला झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. बिबवेवाडीतलं घर तेच, खिडकीतलं दुपारचं पिवळं ऊनही तेच. फक्त शब्द समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसारखे झाले होते. दिसायचे, हाताला लागायचे नाहीत. टोमणे मारण्यात जन्मभर कुणाला हार न गेलेली मी, चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून चहा मागत होते. स्पीच थेरपी देणाऱ्या मुलीने तो करून दिला होता.

गणपतीत एका संध्याकाळी टाळ्यांचा ठेका सुरू झाला आणि माझ्या तोंडून आरती बाहेर पडली. अख्खी, कुठेही न अडखळता. दुसरंच कुणी गातंय आणि मी तरंगत ऐकतेय, असं वाटलं. माझ्या यजमानांचे डोळे भरून आले. झोपायच्या आत सगळ्या नातेवाइकांना फोन झाले आणि तक्ता माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यासाठी खुणा केल्या. हे म्हणाले, "अगं, तोंडाने माग ना. आता येतंय तुला."

येत नव्हतं. आणि येत नाही हे सांगायचं कशाने? मला संताप आला, त्यांच्या आनंदाची कीवही आली. शेवटी पाय ओढत मीच स्वयंपाकघरात गेले. तीही त्यांना सुधारणाच वाटली.

थेरपीच्या खोलीत शिरताच यांनी मला आरती म्हणायला लावली. त्या मुलीने ती शेवटपर्यंत ऐकली, मग हळूच विचारलं, "काकू, सकाळी काय खाल्लंत?"

मी तोंड उघडलं. आत नुसती शांतता.

"काका, पाठ असलेलं गाणं वेगळ्या वाटेने येतं," ती म्हणाली. "मनातलं बोलणं यायला वेळ लागेल. तोवर तक्ता काढून घेऊ नका."

हे चष्मा काढून पुसत उभे राहिले. तिने नवा तक्ता माझ्यापुढे ठेवला. त्यात माणसांचीही चित्रं होती. मी 'पाणी'वर बोट ठेवलं. यांनी लगबगीने पेला भरून माझ्या ओठांशी आणला. मी मान हलवली आणि बोट सरकवून 'तुम्ही'वर ठेवलं.

पेला हातात धरून ते त्या चित्राकडे पाहत राहिले. मग माझ्याशेजारी बसले आणि प्यायले.