काट्यावरची भाकर

द्वारकाबाईंना जेवायला बसवणं सोपं होतं, ताटावरून उठवणं अवघड. त्यांना स्वतःलाही हे ठाऊक होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. तेलंगणातल्या बोथजवळच्या खेड्यात अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात आणि ज्वारी सोंगण्यात गेलं. तेव्हा त्या इतक्या वाळलेल्या होत्या की, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मग नवऱ्याला, बाबारावांना मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसील कचेरीत, अटेंडरची नोकरी लागली, मुलगा सुरज शिकून मास्तर झाला, लेक सपना लग्न होऊन इचोड्याला गेली, बोथमध्ये स्लॅबचं घर झालं. घरातल्या पिठाच्या डब्याचा तळ दिसेनासा झाला, तेव्हापासून द्वारकाबाई पोटभर जेवू लागल्या. वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग, ठेच्यावर कच्च्या तेलाची धार, परातीएवढी भाकर. येईल त्याला जेवू घालायचं आणि सोबत म्हणून आपणही बसायचं.

असं करता करता अंगावर मांस चढलं आणि गुडघे बोलू लागले. आधी जिना चढताना, मग खाली बसताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. पौर्णिमेला विहारात जायचं तर त्या बाहेरच्या ओट्यावर बसून वंदना म्हणायच्या, कारण आत सगळ्या बायका मांडी घालून बसत आणि त्यांना मांडी घालता येत नसे.

सुनेनं, प्रगतीनं शेवटी त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरम्मानं गुडघ्याचा फोटो उजेडात धरला आणि हिंदीत सांगितलं, "अम्मा, पहले वजन कम करो. ऑपरेशन की बात उसके बाद."

प्रगती किनवटकडची. मंडल ऑफिसात क्लर्क. मनात घेतलं की तडीला नेणारी पोरगी. परतताना तिनं आदिलाबादच्या बाजारात बस लागेपर्यंत खरेदी केली आणि उरलेलं मोबाइलवरून मागवलं. आठवड्याभरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवी भांडी मांडली गेली. जाळीची ताटं एकावर एक बसणारं वाफवायचं भांडं, छोटा लोखंडी तवा, काकड्या-गाजरं किसायची धारदार किसणी, आणि तेल फवारायची बाटली.

त्या बाटलीचं द्वारकाबाईंना फार हसू आलं. प्रगतीनं तव्यावर एकदा फुस्स करून दाखवलं, तशा त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अव माय, हे तं पऱ्हाटीवर औषध मारल्यावानी झालं! अळी मरंल, पन भाजी कशी शिजंल?"

"शिजते आई. पाहा तुमी."

शिजली. चव थोडी पानचट होती, पण द्वारकाबाईंनी ताट पुसून खाल्लं. पोरगी आपल्यासाठी एवढं करून राहिली, हे त्यांना कळत होतं. ऑफिसातून दमून यायची आणि चहाही न घेता सासूसाठी दुधी वाफवायला लावायची. बाकीच्यांची भाजी वेगळी, तेलाची. द्वारकाबाईंची वेगळ्या भांड्यात. वास मात्र सगळ्यांना एकच यायचा, आणि तो तेलाच्या भाजीचा असायचा. तरी त्या निमूट खायच्या.

मग एका संध्याकाळी प्रगतीनं आणखी एक वस्तू खोक्यातून काढली. काचेचा चपटा काटा, पाटीएवढा. बटण दाबलं की आकडे उजळायचे. सगळे जेवायला बसले होते. तिनं द्वारकाबाईंच्या ताटातली भाकर उचलली, काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि कडेनं एक तुकडा मोडून बाजूला काढला.

"एवढी चालते, आई," ती हसून म्हणाली आणि उरलेली भाकर परत ताटात ठेवली.

द्वारकाबाईंनी ताटाकडे पाहिलं. भिंतीला हात टेकून त्या कशाबशा उठल्या आणि एकही घास न घेता अंगणात जाऊन खाटेवर बसल्या.

"काय झालं, आई?" सुरजनं विचारलं.

"काई नाई. भूक नाई मले."

दुसऱ्या दिवशीही त्या ताटावर बसल्या नाहीत. सकाळी चहात बुडवून दोन टोस खाल्ले आणि दुपारी शेजारच्या बयनाबाईकडे गेल्या. तिनं मुरमुऱ्याचा चिवडा पुढं केला, तो बशीभर खाल्ला. ही बातमी त्यांच्याही आधी घरी पोचली. सुरज चिडला. "आई, ते बिचारी तुयासाठी मरून राह्यली अन् तू लोकाइच्या घरी चिवडा खाऊन राह्यली?" द्वारकाबाईंनी मान वळवली. बाबाराव सगळं ऐकत होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या काट्याकडे.

रविवारी दुपारी प्रगती ओट्यावरची भांडी एकेक करून खोक्यात भरू लागली. दार ओढून घ्यायचंही तिला भान नव्हतं. द्वारकाबाई पाणी प्यायला आत आल्या, तर तिचे डोळे लाल.

"काऊन भरून राह्यली व?"

"काय करू ठेवून? तुमाले वाटते मी तुमाले उपाशी मारून राह्यली. मले माय नाई, आई. मले वाटलं तुमी चालाले लागल्या पाह्यजे, बस." आणि ती भांड्याच्या जाळ्या खडखड आपटू लागली.

द्वारकाबाई तिथंच स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुया भांड्याइवर मी नाई रुसली, पोरी. त्या काट्यानं मले मांगं नेलं."

प्रगतीचे हात थांबले.

"सपना पोटात होती तवाची गोष्ट. तुया सासऱ्याले मुदतीचा ताप. मी एकलीच सोंगणीले जावो. दुपारी मालकीणबाई मजुराइले एकेक भाकर दे. संध्याकाळी मजुरीची ज्वारी काट्यावर मोजून. मले वाटे भाकर मजुरीच्या वर हाय. मोठ्या मनाची बाई हाय म्हनून मी तिचं नाव घेऊ. एक दिवस मी म्हनलं, बाई, पोटुशी हावो, आज दोन भाकरी द्या. तिनं देल्ल्या. अन् संध्याकाळी समद्याइच्या देखत घरातून दोन भाकरी आनून काट्यावर ठेवल्या, अन् तेवढी ज्वारी माह्या पदरातून काढून घेतली. म्हने, 'खाल्लं ते मोजलं पाह्यजे.'" द्वारकाबाईंनी पदर मांडीवर पसरून दाखवला. "समदे पाहून राह्यले होते. कोनी हासलं नाई, पन कोनी बोललं बी नाई. घरी गेली तं तुया सासऱ्याले काय सांगू? ज्वारी कमी काऊन, ते इचारलं याइनं. मी सांगितलं. तापात होते, तरी उठून बसले. पन जाऊन बोलाची सोय कुटं होती तवा?"

प्रगती खाली फरशीवर बसली. तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच, दुखेल म्हणून, काढून घेतला.

"मले माहीत नव्हतं, आई."

"तुले कसं माहीत राहीन? मी सपनाले बी नाई सांगितलं कधी." मग नाक पुसत त्या म्हणाल्या, "मोजाचं असंल तं समद्याइचं मोज. नाई तं कोनाचंच नोको मोजू. माह्याच घरात माही एकलीची भाकर काट्यावर नोको ठेवू."

प्रगतीनं थोडा विचार केला. काटा उचलून तिनं बाहेर नेला आणि पापड-शेवया विकणाऱ्या बयनाबाईला देऊन आली. आत आल्यावर तिनं छोटा तवा खोक्यातून काढून शेगडीवर ठेवला.

"मग असं करू. आजपासून घरात हाच तवा. तव्यात मावंल तेवढीच भाकर. सगळ्यांची."

"अन् भाजी?"

"भाजी बी एकच. तुमची वेगळी नाई."

द्वारकाबाईंनी तवा हातात घेऊन उलटापालटा केला. परातीएवढी भाकर थापणाऱ्या त्या हातांना एवढीशी भाकर थापणं पहिल्या दिवशी जमेना. कडा तव्याच्या बाहेर जायच्या आणि जळायच्या. सुरज पहिल्याच संध्याकाळी कुरकुरला. "माह्यं काय वजन वाढलं? मले काऊन ही लेकराची भाकर?"

"आरशात पाह्य जरा," द्वारकाबाई म्हणाल्या. "शर्टाच्या गुंड्या ओरडून राह्यल्या."

बाबाराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

वाफवायच्या भांड्याचं मात्र द्वारकाबाईंनीच मनावर घेतलं. दुधी आणि गाजर वाफवून खाणं म्हणजे आजाऱ्याचं जेवण, हे त्यांचं मत कायम होतं. पण त्यांच्या माहेरी तुरीच्या डाळीचे फुणके करायचे. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून मुटके वळायचे आणि पातेल्याला फडकं बांधून वाफेवर शिजवायचे. फडकं बांधायचा खटाटोप आता नव्हता. त्या जाळ्यांवर फुणके मांडायच्या आणि शिजले की वरून ताकाची कढी. तेलाचा थेंब लागायचा नाही आणि कोणाला त्याची आठवणही यायची नाही. प्रगतीनं ते पहिल्यांदा खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मागून नेले. ऑफिसातल्या तेलुगू बायकांनी डबा तिच्या हातात परत दिला तो रिकामा.

वजन पटकन उतरलं नाही. पावसाळाभर ते हललंच नाही असं वाटत होतं, आणि एकदा सणाच्या पुरणपोळ्यांनी ते वरही चढलं. प्रगती हिरमुसली, तर द्वारकाबाईच तिला म्हणाल्या, "वावरात बी एका आठोड्यात कापूस फुटते काय?" थंडी लागली तेव्हा डॉक्टरम्मानं फोटो पुन्हा काढून पाहिला आणि सांगितलं की ऑपरेशनची एवढ्यात घाई नाही, चालत राहा. गुडघा पहाटे अजून ठणकायचा. पण द्वारकाबाई आता बाजारात पायी जायच्या आणि विहारात आत, भिंतीजवळ खुर्ची घेऊन सगळ्यांसोबत बसायच्या.

एका सकाळी त्या कोणाला न सांगता तयार झाल्या आणि इचोड्याला लेकीकडे निघाल्या. बसची पायरी उंच होती. दांडा धरून, एक पाय, मग दुसरा, अशा त्या चढल्या. मागून कोणी ढकललं नाही.

सपनानं आईला दारात पाहिलं आणि हातातलं काम टाकून धावली. आई एवढ्या दिवसांनी आली म्हणून तिनं पुऱ्या तळायला घेतल्या. द्वारकाबाईंनी एक पुरी खाल्ली, चवीनं, बोटं चाटून, आणि हात धुतला.

सपनाचे डोळे बारीक झाले. "आई, खरं सांग. वयनी तुले पोटभर खाऊ नाई देत काय?"

द्वारकाबाई हसल्या. लेकीला जवळ बसवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माही सून मी खाते तेच खाते, अन् माह्या आंगाले आंग लावून बसते. आन तुयं ताट इकडं. मले एक गोष्ट सांगाची हाय तुले, तू पोटात होती तवाची."