बाटल्यांतला जर्बेरा

यांच्या बँकेनं यांची बदली केली आणि आम्ही सांगलीहून जयपूरला आलो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. माझं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, त्यामुळे झोटवाड्यातल्या एका नर्सरीच्या मालकीणबाईंनी मला कामावर घेतलं. नर्सरीमागच्या खोलीत त्यांनी छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. रोपाच्या शेंड्याचा मोहरीएवढा तुकडा निर्जंतुक करून बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, फुटवे आले की ते सोडवून नव्या बाटल्यांत लावायचे. एका झाडापासून हुबेहूब तशीच कितीतरी झाडं.

मालकीणबाईंच्या यजमानांनी वर्षानुवर्षं निवड करत एक जर्बेरा तयार केला होता. पिकल्या जर्दाळूचा रंग आणि भरगच्च पाकळ्या. ते वारले, आणि पुढच्याच पावसाळ्यात मूळ रोप कुजून गेलं. त्याचे शेंडे मी आधी काढून ठेवले होते म्हणून निभावलं. पण आता तो जर्बेरा फक्त माझ्या बाटल्यांत उरला होता.

मे महिन्यात नर्सरीच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज गेली, एसी बंद पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीची भट्टी झाली होती आणि बाटल्यांतली पानं पाणचट दिसायला लागली होती.

"हमारे राजा पार्कवाले घर में बिजली है, कूलर भी है, वहाँ ले चलें?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नहीं माँजी. कूलर की हवा गीली होती है. बोळ्यांतून बुरशी... मतलब, फफूँद लग जाएगी." घाबरले की माझी हिंदी अशी मराठीत घसरायची.

त्या पदरानं एक बाटली पुसत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. यांनी हातातला चहा खाली ठेवला. "अगं, आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची खोली आहे ना! तिथला एसी कधीच बंद होत नाही. जनरेटर आहे."

"अहो, पण साहेब देतील का?"

"उद्या तूच चल. मला नीट सांगता यायचं नाही."

सकाळी एक बाटली पिशवीत घालून मी सी-स्कीममधल्या यांच्या ऑफिसात गेले. साहेब बंगाली होते, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी बाटली उजेडात धरून फिरवली.

"इसमें मिट्टी कहाँ है?"

"मिट्टी नहीं है, सर. पानी भी नहीं गिरेगा."

त्यांनी बाटली पुन्हा निरखली. मग म्हणाले, "ले आइए. मशीन से दूर रखिएगा."

सरबताच्या रिकाम्या क्रेटमध्ये बाटल्या रचून, वर ओली चादर न टाकता कोरडीच टाकून, आम्ही टेम्पोनं त्या शहरभर नेल्या. मालकीणबाई मागे क्रेटजवळ बसल्या होत्या. लोखंडी रॅकवर, ट्यूबलाइटखाली बाटल्या मांडून झाल्या तेव्हा त्या गार खोलीतही मला घाम फुटला होता. प्रवासात बुरशी शिरली असेल, तर ती लगेच दिसत नाही.

पुढचे दिवस मी रोज तिथे जाऊन बाटल्या तपासत होते. काहींत पांढरे तंतू दिसले, त्या बाहेर काढल्या. रोज वाटायचं, आता बाकीच्यांतही दिसणार. बँकेतले लोक जेवणाच्या सुट्टीत डोकावून विचारायचे, "भाभीजी, कैसे हैं बच्चे?" हळूहळू पानांचा पाणचटपणा गेला. एका सकाळी फुटव्यांच्या टोकाला ताजी, पोपटी पानं दिसली. बाकी सगळ्या बाटल्या स्वच्छ होत्या. मी यांना टेबलावरून उठवून आणलं आणि बोटानं ती पानं दाखवली.

वीज आली, बाटल्या झोटवाड्याला परत आल्या. मुळं फुटल्यावर रोपं कुंड्यांत लावली, प्लॅस्टिकखाली सांभाळून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावली. तिथेही थोडी गेली. जगली ती हिवाळ्यात फुलली.

पहिलं फूल पूर्ण उमललं त्या दिवशी मालकीणबाईंनी मला हाक मारली. त्या कुंडीशेजारी जमिनीवरच बसल्या होत्या. "वही रंग है, बेटी," म्हणाल्या आणि माझा हात धरून मलाही खाली बसवलं. आम्ही दोघी किती तरी वेळ उन्हात बसून होतो. बऱ्याच महिन्यांनी मला कुठेही जायची घाई नव्हती.