ज्यानं सांडलं, त्यानं पुसावं

पोतेरेबापूंवर अन्याय झाला तो ऐंशीच्या दशकातल्या एका धुळवडीला, भल्या सकाळी. दूरच्या एका अणुवीज केंद्रात गळती झाली. कायमचे कामगार बाहेर काढले आणि ठेकेदारानं रोजंदारीची माणसं आत घातली, त्यांत बापूही. हातात बादली आणि फडकी. काय पुसतोय, हे कुणी सांगितलं नाही. "पाणी आहे," एवढंच.

आम्हाला ते भेटले पुढे काही वर्षांनी, सिल्वासाजवळच्या नरोलीत. बाबा धाग्याच्या कंपनीत होते. भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत शेजारची खोली बापूंची. धुळ्याकडचे, एकटे. रांगेत कुणाचा चहा सांडला आणि भलत्यानंच फडकं उचललं, की बापू गरजायचे, "थांब! ज्यानं सांडलं त्यानं पुसावं!" खोल्यांच्या मालकालाही सोडलं नाही. "शेठ, घ्या फडकं." पोरं चिडवायची, "बापू, पाऊस सांडलाय, देवाला बोलवा पुसायला!" बापू म्हणायचे, "बोलवतो की. पत्ता दे." यावरूनच ते पोतेरेबापू.

हात मात्र कोपरापर्यंत सारखे धूत राहायचे. माझी धाकटी बहीण तेव्हा रांगत होती. ती त्यांच्या उंबऱ्याशी गेली की बापू खाटेवर पाय वर घेऊन बसायचे आणि तिथूनच तिच्याशी गप्पा मारायचे. आई तिला पुढे करायची, तर हात पाठीमागे. "राहू द्या, वहिनी. हे हात तिकडचे आहेत."

मी कॉलेजात होते, चळवळीची पत्रकं वाटायला लागले होते. एकदा थेट विचारलं, "बापू, पहिल्या दिवशीच माणसं ओकायला लागली म्हणता. मग दुसऱ्या दिवशी आत का गेलात?" ते उठून हात धुवायला गेले.

त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. औषधाचे पैसे मागितले तर ठेकेदार ओळख दाखवेना, केंद्रवाले म्हणाले हा आमचा माणूसच नव्हे. त्याच सुमारास सिल्वासात एक साहेब अणुविजेचं व्याख्यान द्यायला आले. मी बापूंना घेऊन गेले आणि उभी राहिले. "अपघात झाला तर साफ करायचा खर्च कोणाचा?"

"सरकार समर्थ आहे."

"म्हणजे आमचेच पैसे ना?"

साहेबांनी हात झटकला तो ग्लासावर बसला. पाणी टेबलभर. शिपाई धावला. बापू उठले, "थांब भाऊ. साहेबांना पुसू दे."

हॉल हसला. साहेबांनी कागद बाजूला सरकवले आणि बोलणं पुढे सुरू केलं. पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. सभा सुटली, माणसं त्या पाण्यावरूनच निघाली, तेव्हा बापू वाकले आणि खांद्यावरच्या पंच्यानं फरशी पुसू लागले.

माझं डोकं फिरलं. "बापू, तुम्हीच?"

"कोणी घसरंल ना, पोरी." पंचा पिळत म्हणाले, "तिकडंबी तेच. मी नाही म्हटलं असतं, तर माझ्या जागी दुसऱ्याचं पोर आत गेलं असतं."

थोड्याच दिवसांत ते गावी गेले. एसटीपाशी आईनं पुन्हा धाकटीला पुढे केलं. बापूंचे हात पाठीमागेच. ते गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती चालायला लागली होती. औषधपाण्याचा भार त्यांच्या भावानं ओढला. केंद्र चालूच आहे.

आता तुम्ही. असा साहेब तुमच्या गावात आला की उभे राहा. केंद्र चालवणारे आणि त्याला यंत्रं विकणारे अपघाताचा सगळा खर्च, आत जाणाऱ्या माणसाच्या औषधासकट, आपल्या अंगावर घेणार का, विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि फडक्याला हात लावू नका.