दुपट्ट्याखालचा भाव

“भाव तोंडातून निघाला का उष्टा होते,” फकीर मोहम्मद म्हणायचा.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि साखरखेर्ड्याहून जालन्याला जाताना वाटेत निजामाची मोगलाई लागे. फकीर बैलांचा दलाल. जालन्याच्या बाजारात आपल्या व्यापाऱ्यांना जोड्या मिळवून द्यायचा. भाव तोंडानं न सांगता, दुपट्ट्याखाली बोटं दाबून सांगायचा: आधी घेणाऱ्याची, मग विकणाऱ्याची. दोघांच्या बोटांना एकच भाव कळे, असं नव्हे. त्या मधल्या अंतरावर फकीरचं घर उभं होतं.

अशात मोगलाईच्या नाक्यावर नवा कायदा आला. जालन्याहून बैल घेऊन येणाऱ्यानं खरेदीचा भाव मोठ्यानं सांगायचा, तो उर्दू अर्जात उतरवून घ्यायचा. नाही तर जनावर जप्त. व्यापारी हादरले. नाक्यावरची उर्दू येणारा गावात एकटा फकीर. त्यानं आपल्या ओसरीवरच शाळा भरवली. खांद्यावरच्या दुपट्ट्याचा फेटा बांधून, पालथ्या टोपल्यावर नाकेदार होऊन बसला.

“नाव?”

“हिंमतराव.”

“जनावर?”

“तांबडी जोडी.”

“किंमत?”

हिंमतरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि नाकेदाराचा हात हळूच धोतराच्या सोग्याखाली ओढला.

“अबे सोड! सरकारचा हात हाय तो! तोंडानं सांग!”

“एवढ्या लोकांत? मले लाज वाटते.”

“लगीन करून राह्यला का बे? भाव सांग!”

हळूहळू सगळे तयार झाले. इंद्रभान तर झोपेतही भाव ओरडतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार आली.

शेवटच्या दिवशी हिंमतरावांचे नवे व्याही, जालन्याकडचे महादेवराव, मजा बघायला येऊन बसले. हिंमतरावांच्या गोठ्यातली ढवळी जोडी मूळची त्यांचीच. सौदा फकीरनं जुळवलेला, सोयरीक त्यानंतरची.

“आता तू व्यापारी हो,” म्हणत हिंमतरावांनी फकीरच्या डोक्यावरचा फेटा उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि टोपलं बळकावलं. “बोल फकीरभाई, आमच्या ढवळ्या जोडीची किंमत?”

“दुसरी एखादी जोडी विचारा ना.”

“काऊन? व्याहीबी ऐकतीन. का तुलेबी लाज वाटते?”

ओसरी हसली. महादेवराव मात्र हसता हसता थांबले आणि कान पुढे करून बसले. मग हिंमतरावही थांबले.

फकीरचा हात खांद्याकडे गेला. खांदा मोकळा होता. उजेडात त्याची बोटं फार उघडी दिसली, नुकत्याच उपटलेल्या मुळांसारखी. त्यानं ती मिटली, उठला, जोडे पायांत सरकवले आणि स्वतःच्याच घरातून निघून गेला.