जीपखालचं बोलणं

मामाजी गेल्याची तार अमरावतीला आमच्या घरी आली, तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. यांनी तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि नुसतं "बाबा..." म्हणून खाली बसले. मिळेल त्या गाडीनं आम्ही अकोल्याला निघालो. जलदानविधी होऊन आता काही आठवडे झाले. सासरे गेले म्हणून लोक भेटायला येतात, दोन शब्द बोलतात. ते माझे कोण होते, हे तेवढ्यात सांगता येत नाही... म्हणून लिहिते आहे.

मामाजी लढाईच्या काळात फौजेत ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी लिलावातून एक जुनी लष्करी जीप घेतली. बार्शीटाकळीकडच्या गावांना माणसं, बी-बियाणं, कधी अडलेली बाळंतीण, सगळं ती वाहायची. घर तिच्यावरच चालायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे अमरावतीला कचेरीत नोकरी करत आणि मित्रांबरोबर एका खोलीत राहत, म्हणून मी अकोल्याला सासू-सासऱ्यांजवळ. डोक्यावर पदर, आणि सासऱ्यांपुढे बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. कित्येक महिने मामाजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी काही विचारलं की मी मान हलवायची.

त्या उन्हाळ्यात जीपच्या पुढच्या अंगाला कडकड वाजायला लागलं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, ॲक्सलच्या पोटात, दात्यांचा एक जड गोळा असतो. इंजिनाची ताकद तो दोन्ही चाकांना वाटून देतो. डिफरन्शियल म्हणतात त्याला. त्याचा दाता तुटला होता. पावसाळ्याआधी तो बदलला नाही तर चिखलाच्या वाटांवर जीप जाणार नव्हती, आणि गॅरेजवाला थांबा म्हणत होता. मामाजींनी अंगणातच गोळा काढायचं ठरवलं. काम एकट्याचं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच हाक मारली, "सूनबाई, पाना धरता येईन का तुले?"

मी मान हलवली.

सासूबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "सून गाडीजवळ लोळून राह्यली तं लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, बरी सून भेटली."

सासूबाईंनी ज्वारी बाजूला सरकवली. उठल्या, जुन्या लुगड्याचा काठ फाडला, माझ्या बांगड्या वर सारल्या आणि त्यांवरून तो काठ घट्ट बांधला. "फुटल्या तं लागतीन," एवढंच म्हणाल्या.

जीपचं तोंड सागवानी ओंडक्यांवर चढवलं, चाकं काढली, काळं तेल घमेल्यात सोडलं, दोन्ही बाजूंचे लांब दांडे ओढून बाहेर घेतले. मग गोळ्यावरचं झाकण राहिलं. मामाजी पाठीवर झोपून खालचे बोल्ट सोडवत होते, मी समोर उकिडवी बसून वरचे. खालून विचारणा झाली, "सुटला का?" मी मान हलवली. परत विचारलं. परत हलवली. मग शांतपणे आवाज आला, "मान हालवून राह्यली असशीन तं मले इथून दिसत नाई, पोरी. तोंडानं सांग."

"नाई सुटला," मी म्हणाले. "पाना घसरून राह्यला."

"मंग दुसरा घे."

मामाजींशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर मात्र बोलणं सुरूच राहिलं. मला त्यांचे नुसते गुडघे दिसत होते, त्यांना माझी पावलं. झाकण निघालं, गोळा धरून ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या सोडवायला घेतल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅट्रिक झाली ना तू? पुढं काहून नाई शिकली?"

जे मी यांनाही सांगितलं नव्हतं ते तोंडून निघून गेलं. "लग्न जुळलं. मले कॉलेजात जायचं होतं."

खालचा ठोकण्याचा आवाज थांबला. वाटलं, आपण मर्यादा सोडून बोललो... मग ते म्हणाले, "टॉमी दे इकडे." ती लोखंडी सळई आत घालून त्यांनी एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं रेटा दिला. "धर," म्हणाले, आणि गोळा निसटून माझ्या हातांत आला. पोटाशी कवटाळून मी तो कसाबसा पोत्यावर ठेवला.

मामाजी बाहेर आले, तुटका दाता बोटानं चाचपला आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "पोराले खोली पाहायला सांगतो. ही अमरावतीले शिकीन."

"अन् घरचं कोन करीन?"

"भाकरी येते मले. फौजेत थापल्या."

सासूबाई बराच वेळ सूप पाखडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या भाकरी खान्यापरीस मी थापीन. जाऊ द्या तिले."

अमरावतीला एका भंगारातल्या जीपचा गोळा मिळाला. तो आणायला गेले तेव्हाच मामाजी कॉलेजात चौकशी करून आले. आम्ही दोघांनी मिळून तो बसवला, आणि पाऊस सुरू झाल्यावर त्याच जीपमधून त्यांनी मला अमरावतीला पोचवलं. मी बी.ए. झाले, शिक्षिका झाले. लोक म्हणतात, जिद्दीनं शिकलीस. जिद्द होती, पण ती बोलून दाखवायला कुणी जागा दिली नसती तर मनातच राहिली असती.

मला नोकरी लागल्यावर मामाजींची एक सवय झाली. अमरावतीला भाडं घेऊन आले की ते शाळेत यायचे. आत कधी आले नाहीत. माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर निंबाखाली बसायचे, पूर्ण तास ऐकायचे आणि घंटा झाली की निघून जायचे. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्यामुळे शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी खिडकीशी उभी राहून मोठ्यानं शिकवायची.

आताही वर्गात गेले की पाय आपोआप त्या खिडकीकडे वळतात. मागच्या बाकावरची मुलगी परवा म्हणाली, "बाई, एवढ्या जोरानं कावून बोलता? आमाले ऐकू येते ना."

मी "बरं" म्हटलं, आणि तेवढ्याच मोठ्यानं पुढचा धडा वाचायला घेतला.