आमच्या खाण्याची भाकरी

आता पर्यटन केंद्र झालेल्या आमच्या शेतावर सुनेनं चुलीवर नाचणीची भाकरी टाकली, की त्या वासासरशी मला आई दिसते, गव्हाच्या पिठानं बरबटलेल्या हातांची.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. स्वातंत्र्य मिळायला अजून अवकाश होता. गड बघायला आलेली पुण्याची चार माणसं वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या शेतावर मुक्कामाला उतरली. आमचे पहिले पाहुणे. त्यांना काळी भाकरी कशी वाढायची, म्हणून माझे वडील, आबा, पार मार्गासनी गावापर्यंत चालत जाऊन गव्हाचं पीठ घेऊन आले. आईनं ते कधी मळलंच नव्हतं. तिनं सवयीनं गोळा परातीत थापायला घेतला, तर तो परातीला चिकटून बसला. कशाबशा चपात्या भाजल्या, त्या अर्ध्या कच्च्या, अर्ध्या करपलेल्या.

पाहुणे त्याच चावत होते. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांची नजर आमच्या भाकरीच्या टोपलीकडे गेली.

"वहिनी, त्यातली द्या की."

आईनं पदरानं टोपली झाकली. "न्हाई ओ, ती आमच्या खान्याची हाय."

"मग तीच द्या."

ठेच्याबरोबर त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई दाराआडून बघत होती. ती लाजली असेल, असं मला तेव्हा वाटलं. आता पाहुणे जेवायला बसले की मीही त्याच दाराशी उभी राहते, आणि लाज कसली ती वाटत नाही.

परवा एका पाहुणीनं चपाती मागितली. नातू लगेच गाडी काढून पीठ आणायला निघाला.

"कुठं जायाचं न्हाई," मी म्हटलं. "हितं आमच्या खान्याची भाकरी मिळती."

आणि टोपली उघडी करून तिच्यापुढं ठेवली.